टाकलेली पानं

परवा मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला अवरेकाईचे ढीग दिसले आणि माझं डोकं उठलं. लोकांना हा वास आला की म्हणे बरं वाटतं. त्यांचं टेबल जागेवर असेल.

अवरेकाई म्हणजे पावट्याच्या जातीची शेंग. बेंगळुरात थंडी पडायला लागली की ती येते आणि संक्रांत उलटून गेल्यावरही काही दिवस असते. तिला एक तेलकट, उग्र वास असतो, त्याला इथे सोगडु म्हणतात. सोगडु असलेली शेंगच चांगली. ती सोलली की बोटं काळी पडतात आणि साबण लावून लावून वास जात नाही. दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा, की सालीतून आतली डाळ टुणकन उडते. ही हितकबेळे. एका बाजूला बेळेचा ढीग, दुसऱ्या बाजूला सालांचा. एवढं सगळं करून सांबार होतं ते लोक मोबाइल बघत दहा मिनिटांत जेवून उठतात.

कामाला मी कंटाळत नाही. माणसांना कंटाळते. गेल्या थंडीत ह्याच दिवसांत माझ्या हातून जेवणाचं टेबल गेलं, ते अजून पुरतं परत आलेलं नाही. एका कडेला मी आणि अवरेकाई, दुसऱ्या कडेला माझी नात मुक्ता आणि तिचे पत्ते. मधे भांडण.

मुक्ता माझ्या मुलाची मुलगी. सत्तावीस वर्षांची घोडी, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, तेही बहुतेक घरूनच. ती एक पत्त्यांचा खेळ खेळते. त्याचं नाव इंग्रजी आहे आणि मी ते उच्चारलं की ती हसते, म्हणून मी उच्चारत नाही. त्यात बदाम नाही, इस्पिक नाही. प्रत्येक पानावर कसला ना कसला राक्षस, नाहीतर जाळपोळ. दुनियेत अशी हजारो पानं छापलेली आहेत म्हणे, आणि प्रत्येकानं त्यातली साठ आपल्या मनानं निवडून आपला कॅट घरूनच लावून आणायचा.

मी विचारलं, "म्हणजे चार एक्के घरूनच घेऊन यायचे?"

"हो. पण समोरचाही आणतो ना, आज्जी."

आमच्याकडे ह्याला लबाडी म्हणत. दिवाळीत सगळे जमलो की झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन व्हायचं. एकच कॅट, कडा मऊ पडलेला, त्यात चौकटचा गुलाम हरवला होता म्हणून एका पुठ्ठ्यावर शाईनं गुलाम लिहिलेला. हातात आलं ते आलं. वाईट पानं आली म्हणून माझ्या आत्येनं कधी तोंड वाकडं केलं नाही, समोरच्याला चिमटा काढून ती जिंकायची. आता मुक्ता हातात वाईट पान आलं की ते पान कॅटमधूनच काढून टाकते आणि दुसरं घालते. मग त्यानं दुसऱ्याच कुठल्या तरी पानाचा मेळ बिघडतो. मग ते काढते. ह्याला ती कॅट बांधणं म्हणते. मी घर बांधलेलं पाहिलं आहे, ते कधीतरी संपतं.

गेल्या थंडीपर्यंत ती सगळे खेळतात तसाच कॅट खेळायची. कुणीतरी कुठेतरी जिंकतो, त्याची साठ पानं इंटरनेटवर येतात, आणि बाकीचे सगळे तीच साठ लावतात. आगीचा कॅट. पान मांडा, जाळा, मांडा, जाळा. मुक्ता त्यात ना जिंकायची ना धड हरायची. मग तिच्या डोक्यात आलं की स्वतःचा कॅट करायचा. तिची अक्कल अशी होती: मोठा राक्षस मांडायला फार वेळ लागतो, तोवर आग आपल्याला खाते. मग तो मांडायचाच नाही. आपणच आपली मोठी पानं ढिगात फेकायची, बाद झालेल्या पानांचा असतो त्या ढिगात. आणि कॅटमध्ये दोन-तीन पानं अशी ठेवायची की जी ढिगातला मेलेला राक्षस उठवून एकदम, फुकट, समोर उभा करतात.

ऐकायला बरं वाटतं. चालत मात्र नव्हतं. ढीग भरलेला असला की उठवणारं पान हातात नसायचं. उठवणारं पान आलं की ढीग रिकामा. मी सांगितलं, हे आपल्या नळासारखं आहे, पाणी असतं तेव्हा बादली भरलेली आणि बादली रिकामी असते तेव्हा पाणी नाही. तिला ते आवडलं नाही.

हे सगळं मला माहीत असायचं कारण समोर बसून खेळायला मी. सून सुधा सकाळी बँकेत जाते, मुलगा, म्हणजे मुक्ताचे अण्णा, येतो तो बातम्या लावतो. मी शेंगा घेऊन टेबलापाशी बसलेलीच असते, त्यामुळे फुकटची सापडले. मला इंग्रजी येत नाही. चौथीपर्यंत कन्नड शाळा झाली, मराठी वाचायला घरी शिकले. चौथीनंतर शाळा सुटली, म्हणजे सोडवली. तेव्हा मुक्तानं जुन्या लग्नामुंजीच्या पत्रिका कापून त्यावर मराठीत पानं लिहिली. राक्षसाच्या पाठीवर कुणाच्या तरी मुंजीचा मुहूर्त. पाठीवरनंच मला कुठलं पान कुठलं ते कळायला लागलं आणि मी लागोपाठ जिंकायला लागले, तेव्हा तिला संशय आला आणि तिनं सगळ्या तुकड्यांना काळ्या पाठीची प्लॅस्टिकची पाकिटं घातली. मी काही बोलले नव्हते, तिनं विचारलं नव्हतं.

खरं भांडण झालं ते एका शब्दावरून. तिनं एका पानावर लिहिलं होतं, 'हातातली दोन पानं टाका.' मी माझी दोन चांगली पानं तिच्यासमोर टाकली. तिला घाम फुटला.

"आज्जी, टाका म्हणजे ढिगात. फेकून दे."

"मग फेका लिही."

"एकच की."

एकच कसं? पान टाक म्हटलं की पान खेळायचं. माझ्या आत्येपासून सगळे तेच म्हणत आले. उतारी टाक, हुकूम टाक. कुणी हुकमाचं पान खिडकीतून बाहेर फेकलं नाही. ती म्हणाली, कचरा टाक म्हणतेस तेव्हा काय करते मी? मी म्हटलं, तेव्हा तू काहीच करत नाहीस, तो दारातच असतो. सुधा आतून हसली, आणि त्यावरून मुक्ता दोन दिवस फुगून होती.

नेहा आली तेव्हा हा कज्जा तिच्यापुढे गेला. नेहा मुक्ताची खेळातली मैत्रीण, पुण्याची, इथे इंदिरानगरला राहते, नोकरीसाठी आली आहे. शनिवारी यायची. ती मला आजी म्हणते, एकच ज. "आजी, तुमचं मराठी ऐकायला कसलं भारी वाटतं, एकदम व्हिंटेज," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. मला तिचं ऐकताना दम लागतो, दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजी. पण ती माझ्या बाजूनं उभी राहिली. म्हणाली, पुण्यातपण पान टाकणं म्हणजे खेळणंच, मुक्ता, आजी इज राइट. तेव्हा कायदा ठरला. ह्या टेबलावर टाकणं म्हणजे मांडणं. ढिगात जाईल त्याला फेकणं म्हणायचं. पत्रिकांच्या तुकड्यांवर सगळीकडे खाडाखोड झाली. मी पुन्हा पुन्हा हटकून तो कायदा तिच्याकडून पाळून घेतला. टाकते म्हणाली की मी पान ओळीत सरकवायचे. ती दात खायची.

मुक्ताला आणखी एक सवय लागली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. ढिगाची जागा उजव्या हाताला असते. टेबलाच्या उजव्या हाताला माझी परात. म्हणून ती फेकायची पानं मधेच ठेवायची, परात जरा सरकली की मग ढिगावर. एकदा परात सरकलीच नाही आणि तिचं उठवणारं पान सालांच्या ढिगात गेलं. सालं मी कोपऱ्यावरच्या गायीला घालते. गायीनं मेलेल्याला उठवणारं पान खाल्लं. मुक्ता धावत खाली गेली तोवर गाय रवंथ करत होती. शेजारच्या पद्माक्का बघत होत्या, त्यांनी विचारलं काय हरवलं, आणि मुक्तानं कन्नडात सांगितलं ते मी इथे लिहीत नाही.

थंडीचे दिवस इथे फार छान असतात असं सगळे म्हणतात. असतील. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, गच्चीवर वाळवण. मला गेल्या वर्षीचं आठवतं ते असं की ऊन टेबलावर यायचं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटांवर चमकून माझ्या डोळ्यांत जायचं. कॅट पिसल्याचा फर्रर्र आवाज, सोगडुचा वास, आणि मुक्ताचं "आज्जी, अजून एकच." साकु, आता पुरे म्हटलं तरी अजून एकच. मी चष्मा पुसायचे तर काचेला सालांचं तेल लागायचं.

जानेवारी संपताना इंदिरानगरला मोठी स्पर्धा होती. त्यात पहिला येणारा पुढे देशभरच्या स्पर्धेला जाणार, आणि कुठल्या कॅटनं खेळणार ते आधी कळवावं लागतं, मग बदल नाही. त्या शनिवारी नेहा आगीचा एक तयार कॅट घेऊन आली. तिच्याकडे दोन होते. म्हणाली, तू चांगली खेळतेस, हा घे, तुझा तो एक्सपेरिमेंट पुढच्या वर्षी कर, ह्यात वर्ष घालवू नकोस. मनापासूनच सांगत होती. मुक्तानं कॅट घेतला, बघितला, परत दिला. नेहा गेल्यावर ती माझ्यासमोर बसून दाणे दाबायला लागली. स्वतःहून. तेव्हाच मला कळलं काहीतरी बिघडलं आहे.

म्हणाली, "आज्जी, शाळा अण्णांनी ठरवली, कॉलेज अण्णांनी ठरवलं, कंपनीत काय करायचं ते दुसरेच सांगतात. खेळतानापण दुसऱ्याची साठ पानं. मी आजपर्यंत एकही गोष्ट स्वतः ठरवून केलेली नाही."

"मग भाजी ठरव," मी म्हटलं. "रोज विचारते आज काय करू, ह्या घरात कुणी तोंड उघडत नाही."

ती उठून गेली. आपलाच कॅट कळवून आली.

स्पर्धेला मला जावं लागलं. मुलगा आणि सून म्हैसूरला लग्नाला, आणि मी न्हाणीत एकदा पडल्यापासून मला एकटी ठेवत नाहीत. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून गेलो. हॉलमध्ये एसी इतका की मी मुक्ताचा स्वेटर घातला. लांबलचक टेबलं, समोरासमोर माणसं, तोंडातून शब्द नाही, नुसती पानांची फर्रर्र. दाढीवाले बाप्ये राक्षसांकडे असे बघत होते जसे काही घरच्यांचे रिपोर्ट आलेत. मला भिंतीशी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. कॉफी मागितली तर पेलाभर दुधावर पान काढून दिलं.

मुक्ता जिंकायला लागली. हे मी कौतुकानं सांगत नाही, झालं ते सांगते. समोरचे आगीचे कॅट लावून बसलेले, आणि ही आपलीच पानं ढिगात फेकते. ते तिच्याकडे कीव करून बघायचे. मग ढिगातून राक्षस उठायचा. एकानं पान हातात घेऊन वास घेतला आणि कन्नडात विचारलं, ही अवरेकाई का? शेवटी शेवटी तिच्या टेबलामागे माणसं उभी राहून बघायला लागली.

शेवटचा सामना नेहाशी पडला. मी खुर्ची पुढे ओढून घेतली. दोघींनी एकेक डाव जिंकला, तिसरा अटीतटीचा. मुक्तानं तिचं एक पान काढलं. त्याचा नियम मला पाठ आहे: वरची दोन पानं उघडायची, हवी तर समोर मांडायची, नाहीतर ढिगात. मांडली तर ती एक पाळी निजलेली असतात. दुसरा कुणीही मांडेल. मुक्ताला ढिगात हवी होती, कारण उठवणारं पान तिच्या हातात होतं. ही पाळी गेली की पुढच्या पाळीला ती जिंकणार. तिनं ती दोन पानं उचलली, उजवीकडे ढिगावर न ठेवता घरच्या सवयीनं मधेच ठेवली, जणू तिथेही माझी परात होती, आणि म्हणाली, "टाकते."

नेहानं आग टाकली. मांडलेल्याला जाळणारं पान. जळलेलं पान ढिगातही जात नाही, खेळातूनच जातं.

"मी मांडली नाहीत. ढिगात आहेत ती," मुक्ता म्हणाली.

"तू टाकते म्हणालीस."

"म्हणजे फेकते."

नेहाचा चेहरा लाल झाला. तिचं आगीचं पान उघडं पडलं होतं. मांडली असं धरलं तर मुक्ताचे राक्षस गेले आणि सामना गेला. फेकली असं धरलं तर नेहाची आग वाया आणि सामना तिचा गेला. पंच आला. चष्म्यावाला, सभ्य, इथलाच. त्यानं दोघींना विचारलं. त्याला मराठी येत नव्हतं, दोघी एकच शब्द दोन तऱ्हांनी सांगत होत्या. तेव्हा नेहानं माझ्याकडे बोट दाखवलं. "तिच्या आजीला विचारा. ह्या शब्दावरून त्या वर्षभर भांडतात. त्या सांगतील ते मला मान्य." वर्षभर नाही, दोन महिने. पण बाकी खरं होतं.

 मुक्तानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पंच वाकून म्हणाला, "अज्जी, टाकते अंद्रे एनु?" टाकते म्हणजे काय.

कन्नडात बरं आहे. मांडायचं, घालायचं असेल तर हाकु. फेकून द्यायचं असेल तर बिसाकु. दोन कामं, दोन शब्द. मी त्याला सांगितलं की मराठीत हे दोन्ही अर्थ आहेत. तो म्हणाला, ते ठीक, पण तुमच्या घरात ह्या खेळात काय म्हणता?

आमच्या घरात काय म्हणतो ते माझ्याहून जास्त कुणाला माहीत? कायदा माझाच होता.

"हाकु," मी म्हटलं.

सामना नेहानं जिंकला. मुक्तानं उठून तिच्याशी हात मिळवला, पानं गोळा केली, पाकिटं नीट लावली. नेहा रडत होती. जिंकलेल्या माणसानं रडू नये, बघणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही.

मॅजेस्टिकला आम्ही मेट्रो बदलली. मुक्ता म्हणाली, "मनात मी फेकलीच होती, आज्जी."

"मनात मीही बरंच फेकते. टेबल भरलेलंच आहे."

गाडी सुटल्यावर म्हणाली, "त्यानं मनातलं विचारलं असतं तर?"

"त्यानं शब्दाचा अर्थ विचारला."

पुढच्या स्टेशनला ती म्हणाली, "पण कॅट चालला ना?" मी म्हटलं चालला. खोटं कशाला सांगू? चालला होता.

सुधानं नंतर मला विचारलं, दोन्ही अर्थ होते तर दुसरा सांगायला काय जात होतं? काही जात नव्हतं. पण मुक्ता जिंकून आली असती ती कुणाच्या शब्दावर? शाळा बापाच्या शब्दावर, कॉलेज बापाच्या शब्दावर, आणि हे म्हातारीच्या. पंचापुढे एवढं माझ्या मनात आलं होतं असं नाही. तेव्हा शब्दाचा अर्थ होता तो सांगितला. सुधानं विचारलं त्या दिवशी मी सांबारात मीठच घालायला विसरले, ते कुणी बोललं नाही, सगळे जेवले.

नेहा देशभरच्या स्पर्धेला जाऊन हरून आली. महिनाभर ती आमच्याकडे आली नाही, मग एका शनिवारी दारात उभी, हातात मिठाईचा डबा. मुक्तानं तिला आत घेतलं. मी डबा घेतला.

आता पुन्हा अवरेकाई आली आहे. परवा दोघी टेबल अडवून बसल्या आणि मी परात मांडीवर घेऊन. ह्या वर्षीपण स्पर्धा आहे. मी विचारलं कुठला कॅट. तोच. त्यातली बरीच पानं बदलली म्हणे, पण ढीग तोच, उठवणं तेच. इंदिरानगरला आता दोघे-तिघे तिचा कॅट लावून खेळतात. त्याला हितकबेळे म्हणतात, कारण त्यातही दाबलं की काहीतरी सालीतून उडी मारतं, आणि पहिल्या दिवशी वास आला होता. शेंगा मी सोलल्या, नाव बेळेचं झालं.

आणि खेळताना ह्या दोन मराठी मुली आता बोलतात काय, तर हाकु आणि बिसाकु. नेहाला कन्नडातले हे दोनच शब्द येतात, 'बरं'चं सरी आणि 'थोडं'चं स्वल्प धरले तर चार, पण हे दोन ती असे ठासून म्हणते की रिक्षावालाही मागे वळून बघेल. एकही भांडण होत नाही. मला करमत नाही.

नेहा गेल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, आज काय करू. ह्याचं उत्तर ह्या घरात येत नाही, सवय म्हणून विचारते.

"हितकबेळे सांबार," मुक्ता म्हणाली. "मी करते. तू बस."

मी बसले नाही, तिच्या मागे उभी राहिले, नाहीतर घर जाळेल. तिनं पातेल्यावर दाण्यांची ताटली धरली आणि विचारलं, "टाकू?"

"टाक."

ताटली हवेत तशीच धरून ती वळली. तोंडावर हसू अजिबात नाही.

"हाकु का बिसाकु?"

एवढ्या शेंगा मी सोलल्या, भिजवल्या, दाबल्या, बोटं काळी झाली, आणि ही मला विचारते.  मी मिठाचा डबा तिच्या हाताजवळ सरकवून ठेवला.